गच्चीवरचे चार डबे

कळंबच्या सहकारनगरात आबारावांनी नवयंत्रप्रेमी मंडळ काढलं, तेव्हा बलभीम ओव्हाळांच्या घरात यंत्र म्हणावं असं एकच होतं. ते शिवणाचं, आणि तेही बायकोच्या माहेरचं. मंडळाचा नियम मोठा कडक. ज्याच्या घरी नवं यंत्र येईल त्याच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा. त्यानं यंत्र दाखवायचं, बाकीच्यांनी शंका काढायच्या, आणि शेवटी यजमानाच्या घरी फराळ. फराळाचं कलम आबारावांनी घटनेत पहिल्याच पानावर घातलं होतं. सोसायटीचे गटसचिव ते, घटना लिहायची त्यांना सवय.

पहिली सभा आबारावांच्याच टेप रेकॉर्डरची झाली. सगळ्यांचे आवाज भरून घेतले, मग वाजवून दाखवले, तर एकही सभासद स्वतःचा आवाज कबूल करीना. "ह्यो माझा न्हाय, ह्यो कुणीतरी पडसं झालेला माणूस हाय," असं प्रत्येकाचं म्हणणं. दुसरी सभा शरणप्पांच्या घड्याळाची. ते तासाला गाणं म्हणायचं. सभा भरली तेव्हा चार वाजून दोन मिनिटं झालेली. नऊ माणसं अठ्ठावन्न मिनिटं त्या मनगटाकडं बघत बसली. पाच वाजता घड्याळ टुणटुणलं, चार सेकंदांत थांबलं, आणि पोष्टातले तात्याराव म्हणाले, "बस? याला गॅरंटी किती?" तात्यारावांची शंका कायम तीच असायची. पुढं त्यांच्याच घरच्या मिक्सरला कुणी तो प्रश्न विचारला तर दोन दिवस बोलले नव्हते.

प्रत्येक सभेनंतर फराळ व्हायचा. आबारावांकडं सुमनबाईंचे दडपे पोहे, शरणप्पांकडं नागूबाईंची गूळपोळी. बलभीमराव सगळीकडं जायचे, खायचे, वाखाणायचे. परतीचं आमंत्रण मात्र त्यांना देता येत नव्हतं.

आता यात खरी गोष्ट अशी की यंत्र नव्हतं हे निमित्त. बलभीमरावांच्या वडलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. घरात समोरच्या भिंतीला बुद्ध आणि बाबासाहेब. सहकारनगरात घर बांधून चार वर्षं झाली, शेजार चांगला, आजारपणाला माणसं धावून यायची, पोरांची पुस्तकं या घरची त्या घरी जायची. पुरुषमाणसं येऊन चहा प्यायची. पाकिटातलं बिस्कीट चालायचं. पण सत्यभामाबाईंच्या हातचा शिजवलेला घास चार वर्षांत एकाही शेजाऱ्यानं तोंडात घातला नव्हता. कुणी नाही म्हणायचं नाही, हीच तर पंचाईत. म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं. आबारावांचं पोट नेमकं तेव्हाच बिघडायचं. पलीकडच्या नागूबाई वयानं मोठ्या, जिभेच्या गोड. त्यांचा उपास असायचा. बलभीमराव पंचायत समितीत टंचाईच्या टेबलाला कारकून, नोंद ठेवणं रक्तात. त्यांच्या हिशेबानं नागूबाईंना एका महिन्यात तीन चतुर्थ्या पडत होत्या, आणि एकदा तर त्यांनी बुधवारी सोमवार धरला होता.

"मरू द्या तिकडं," सत्यभामाबाई म्हणायच्या. पण पुरणाची ताटली झाकून पलीकडं नेलेली आणि तशीच झाकलेली परत आणलेली, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्या दिवसापासून त्यांनी कुणाकडं काही नेलं नाही. बलभीमरावांना ते लागलेलं होतं. स्वतःचा अपमान माणूस चहाबरोबर गिळतो, बायकोचा गळ्यात अडकतो.

आणि अशात, शहाऐंशी सालच्या माघात, कचेरीत एक परिपत्रक आलं. सूर्यचूल! उन्हावर स्वयंपाक. ना रॉकेल, ना सरपण. सरकारी सवलतीत मिळेल. सलग दुसऱ्या साली पावसानं हुलकावणी दिलेली, गावात टँकरच्या फेऱ्या चाललेल्या, उन्हाला तर काय तोटा! बलभीमरावांनी ते परिपत्रक तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टेप ऐकायचा असतो, घड्याळ बघायचं असतं. पण चूल? चुलीची सभा घ्यायची तर शिजवावं लागेल, आणि शिजवलेलं खाल्ल्याशिवाय यंत्र चाललं की नाही हे ठरणार कसं? मंडळाला घटनेनुसार खावंच लागेल!

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. सत्यभामाबाई ज्वारी निवडत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "शिजंल हो. खातील का?"

अर्ज केला. अर्जाला सहा कागद जोडायचे होते. त्यातला पाचवा होता, "अर्जदाराच्या घरावर पुरेसे ऊन पडत असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला." बलभीमराव तलाठ्याकडं गेले. चावडीत तलाठी धोंडीबाआप्पा बनियनवर बसून उपरण्यानं वारा घेत होते. घामानं शाईचे डाग पडत होते कागदावर.

"ओव्हाळसाहेब, तुमी सोता सरकारी माणूस," आप्पा कळवळून म्हणाले. "माझ्या दप्तरात हीर हाय, बांध हाय, आंब्याचं झाड हाय. ऊन कुठल्या रकान्यात लिवू?"

"असं लिहा की, घरावर ऊन पडतं."

"आन उद्या कुणी तकरार केली म्हंजे? न्हाय, न्हाय. म्या टंचाईचा दाखला देतो. पाऊस पडत न्हाय असं लिवतो. त्यावरनं ऊन पडतंय हे वरच्या सायबानं समजून घ्यावं."

वरच्या साहेबानं समजून घेतलं नाही. पंधरा दिवसांनी उस्मानाबादेहून अर्ज परत आला, वर तांबड्या शाईत शेरा: "दाखल्यात पाऊस पडत नसल्याचे नमूद आहे. ऊन पडत असल्याचे नमूद नाही. पूर्तता करावी." बलभीमराव असले शेरे आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर लिहीत आलेले. आपल्या अर्जावर आलेला बघून त्यांना प्रथमच कळलं की तांबडी शाई डोळ्यांना किती टोचते.

शेवटी उन्हाचा पंचनामा करायचं ठरलं. पंच म्हणून आबाराव आणि शरणप्पा. बरोबर दुपारी बाराला धोंडीबाआप्पा चौकशीची वही घेऊन ओव्हाळांच्या गच्चीवर चढले. सरकारी काम म्हणून पंचांनी चपला खाली सोडल्या होत्या. स्लॅब तव्यासारखा तापलेला. आप्पा सावकाश लिहितायत, "आम्ही पंच समक्ष हजर राहून..." आणि दोन्ही पंच एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचतायत. शरणप्पा शेवटी ओरडले, "आप्पा, लवकर! ऊन हाय, लई हाय, आजून चार गावाला पुरंल एवढं हाय!" आप्पांनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि खाली जोडलं, "पंचांचे पाय पोळले, सबब ऊन पुरेसे असल्याची खात्री पटली." हा पंचनामा जिल्ह्याला इतका आवडला म्हणतात की चूल आठ दिवसांत मंजूर झाली.

चूल म्हणजे पत्र्याची एक चौकोनी पेटी. आत काळा रंग, वर दुहेरी काच, आणि झाकणाला आतून हा एवढा आरसा. पोटात चार डबे, चारही एकसारखे, बाहेरून काळेकुळकुळीत. बलभीमरावांनी ती उस्मानाबादेहून एस.टी.नं आणली. टपावर टाकली तर काच फुटणार, म्हणून मांडीवर. कंडक्टरनं आधी हुज्जत घातली आणि मग पेटीचं अर्धं तिकीट फाडलं, लहान मूल म्हणून. येरमाळ्याला येडेश्वरीचं दर्शन घेतलेल्या बायकांचा घोळका आत शिरला. एकीला झाकणाच्या फटीतून आरसा दिसला. झालं! झाकण उघडलं गेलं, आणि कळंब येईपर्यंत आळीपाळीनं सगळ्यांची कुंकवं सारखी झाली. एका म्हातारीनं विचारलं, "बाबा, नवी वस्तू घरला रिकामी नेतूस व्हय?" आणि मूठभर खोबरं-साखर डब्यात टाकून पेटीला हळदकुंकू लावलं. ते बघून कंडक्टरला धर्मसंकट पडलं. त्यानं येऊन अर्ध्या तिकिटाचे पैसे परत केले. "देवीच्या पेटीला तिकीट न्हाय," म्हणाला. बलभीमरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरी सत्यभामाबाईंनी हळदीकुंकवानं माखलेली पेटी बघितली, मग नवऱ्याकडं बघितलं, आणि ओल्या फडक्यानं मुकाट्यानं पुसून काढली.

पहिल्या दिवशी तांदूळ लावले. तीन तासांनी झाकण काढलं, तर कोमट पाण्यात तांदूळ निवांत बसलेले. दुसऱ्या दिवशी कावळ्याला आरशात दुसरा कावळा दिसला आणि दोघांची जुंपली. तिसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आबाराव म्हणाले, तोंड पूर्वेला करा. शरणप्पा म्हणाले, पेटीखाली वीट लावा. तात्याराव म्हणाले, गॅरंटीत परत करा. धोंडीबाआप्पा तर रस्त्यानं जाताना ओरडून विचारायचे, "काय ओव्हाळसाहेब, म्या लिवलेलं ऊन पुरतंय का न्हाय?" बलभीमराव रजेवर. डोक्यावर ओला पंचा, अर्ध्या अर्ध्या तासाला पेटी सूर्याकडं फिरवायची. मेव्हण्याचं पत्र आलं की दाजी काळे पडलेत असं कळलं, तब्येत कशी आहे.

त्यातच पलीकडं चमत्कार झाला. रोज साडेदहाच्या सुमाराला नागूबाईंच्या देवघरात लख्ख उजेड पडायला लागला. बरोबर महादेवाच्या तसबिरीवर! नागूबाईंनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी आळीत साखर वाटली. चौथ्या दिवशी शरणप्पा खिडकीत उभे राहून उजेड कुठून येतो ते बघत होते. त्यांना गच्चीवर आरसा हलवणारे बलभीमराव दिसले. शहाणा माणूस, त्यांनी बायकोला सांगितलं नाही. पण सुमनबाईंनी सांगितलं.

नागूबाई कुंपणाशी आल्या. "बलभीमराव, आमच्या देवावर उजेड पाडायला तुमाला कुणी सांगितलं होतं?"

"चुकून झालं काकू. पेटी फिरवून ठेवतो."

"ऱ्हाऊ द्या आता," नागूबाई म्हणाल्या. "साखर वाटून झालीया."

सात-आठ दिवसांच्या तपश्चर्येनंतर एकदाचा भात शिजला. जरा गिच्च झाला, पण भातच. बलभीमरावांनी उभ्या उभ्या खाल्ला आणि त्याच संध्याकाळी आबारावांकडं जाऊन सभा जाहीर केली. मे महिन्याचा पहिला रविवार, स्थळ ओव्हाळ यांची गच्ची. चुलीचा विषय म्हणून या खेपेला बायकाही येणार. ओट्यावर सगळे जमलेलेच होते. बलभीमरावांनी घसा साफ केला. "आणि सभेनंतर जेवण आमच्याकडं. चुलीवरच शिजवून."

आबारावांनी हळूच पोटावरून हात फिरवला. पोटानं आत्तापासूनच तयारी सुरू केली असावी.

मग नागूबाई मायेनं म्हणाल्या, "आवं, कशाला वैनींना तरास? एवढ्या माणसांचं रांधायचं म्हंजे! चुलीत चार डबे हाएत न्हवं? चार घरचे चार डबे लावू. आपापलं आपुन खाऊ. चुलीची बी परीक्षा होती, आन कुणाला वझं न्हाय."

"वा! एकदम सहकारी तत्त्व!" आबाराव म्हणाले. त्यांचं पोट बरं झालं होतं.

बलभीमरावांनी मान हलवली. दुसरं करणार काय! घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्या म्हणलं हुतं." एवढंच. त्या रात्री बलभीमरावांना वाटलं, ही पेटी उचलावी आणि मांजरा नदीत टाकावी. पण नदीत पाणी नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तीन डबे तीन घरी गेले. आबारावांकडं एक, शरणप्पांकडं एक, तात्यारावांकडं एक. चौथा घरचा. रविवारी सकाळी नऊला डबे भरून गच्चीवर आले, आणि झाकणं उघडून बघतात तर चारही डब्यांत तुरीची डाळ!

यात ठरवाठरवी कुणाचीच नव्हती. त्या साली विहिरी आटल्या होत्या आणि सगळं सहकारनगर एका बोअरवर होतं. त्या बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस यायचा नाही आणि डाळ काही केल्या शिजायची नाही. दोन-दोन तास स्टोव्ह भडकवला तरी दाणा वेगळा, पाणी वेगळं. घरोघरी नवरे डाळीवरून कुरकुरत होते. म्हणून तिन्ही घरच्या बायकांच्या मनात एकच आलं, यंत्र खरं असेल तर आमची डाळ शिजवून दाखवू दे. तात्यारावांच्या मुक्ताबाईंनी तर तसं बोलूनही दाखवलं. सत्यभामाबाईंनी का डाळच लावली, ते त्या काही बोलल्या नाहीत.

बलभीमरावांनी चार डबे चार कोपऱ्यांत लावले. कुठला कुणाचा ते मनाशी पक्कं केलं. पेटीचं तोंड सूर्याकडं धरलं आणि मंडळाला सूर्यकिरणांवर भाषण दिलं. दहा वाजले, अकरा वाजले. माणसं जिन्याच्या सावलीत दाटीवाटीनं उभी, टँकर कधी येणार यावर बोलत. साडेअकराला बलभीमराव पाणी प्यायला खाली गेले तेवढ्यात तात्यारावांनी घात केला. "आत कसं दिसतंय ते बघू तरी," म्हणून त्यांनी पेटी उघडली, चारी डबे पंच्यानं धरून बाहेर काढले, बोटं भाजली तसे "हाय हाय" करत परत टाकले, आणि झाकण लावून भोळा चेहरा करून उभे राहिले. बलभीमराव वर येईपर्यंत कुठला डबा कुणाचा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

एक वाजता सभा पेटीभोवती जमली. आबारावांनी इतिवृत्ताची वही उघडली. पहिला डबा काढला. पळी घातली. कडकड आवाज आला. डाळ होती तशी, फक्त गरम. दुसरा डबा. तीच गत. बलभीमरावांच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. तिसरा डबा. त्यातला एक दाणा तात्यारावांनी दाताखाली धरला आणि गालाला हात लावून बाजूला गेले. मागून कुणीतरी खुसखुसलं. पंचनामा, एस.टी., पंधरा दिवसांची रजा, सगळं बलभीमरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. आता मंडळात तोंड दाखवायला जागा नाही, असं त्यांना वाटलं.

चौथा डबा उघडला आणि वास सुटला!

वरण काय होतं हो! पिवळंधमक, एकजीव, वर हिंगाचा वास. पळी घातली तर सायीत घातल्यासारखी उतरली. सगळे एकदम पुढं सरकले. तीन महिन्यांत सहकारनगरानं असं वरण बघितलं नव्हतं.

"ह्ये माझं!" नागूबाई म्हणाल्या. बाकीच्या श्वास घेईपर्यंत त्यांनी वाटी पुढं केलेली.

"अवो काकू, माझं हाय ते," मुक्ताबाई म्हणाल्या. "म्या हळद सढळ टाकते."

"हिंगाचा वास बघा, हिंग आमच्यात असतो," सुमनबाईंनी पदर खोचला.

"हातच्या चवीवरनं वळखते म्या," असं म्हणून नागूबाईंनी वाटीभर वरण घेतलं आणि फुंकून प्यायल्या. डोळे मिटले. "माझंच! चाळीस वर्सं रांधतीया, मला कळंना व्हय?" आणि खात्री पक्की करायला त्यांनी दुसरी वाटी घेतली. मग निवाडा करायला सुमनबाईंनी चाखलं, मुक्ताबाईंनी चाखलं, आबारावांनी अध्यक्ष म्हणून चाखलं, आणि तात्यारावांनी दुखरा गाल सांभाळून दोनदा चाखलं.

बलभीमरावांना मात्र वास आला तेव्हाच कळलं होतं. अठरा वर्षं खाल्लेला वास तो. त्यांनी जिन्याकडं बघितलं. सत्यभामाबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी नुसते डोळे मोठे केले. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. बलभीमराव आयुष्यात इतक्या कष्टानं कधी गप्प बसले नव्हते.

शरणप्पांनी शेवटची वाटी घेतली. हळूहळू चाखली. पुन्हा चाखली. आणि सत्यवचनी माणसावर येतो तसा प्रसंग त्यांच्यावर आला.

"नागू," ते म्हणाले, "ह्ये आपलं न्हाय."

"कशावरनं?"

"लई चांगलं झालंय गं."

गच्चीवर जो हशा उसळला तो म्हणे बाजारपेठेत ऐकू गेला. नागूबाईंचं तोंड लालबुंद झालं. "थांबा, दावते!" म्हणून त्यांनी डब्यात पळी तळापर्यंत खुपसली, ढवळली, आणि पळीत काहीतरी खडखडलं. वर काढलं तर करवंटीचा तुकडा, चांगला दोन बोटं रुंद.

"ह्ये काय म्हणायचं? आमच्या डाळीत करवंटी कुणी टाकली?"

"काकू, ती मीच टाकली," सत्यभामाबाई जिन्यावरून म्हणाल्या. आवाज शांत होता. "जड पाण्यात डाळ शिजत न्हाय. मग करवंटीचा तुकडा टाकायचा आन रातभर भिजवून ठिवायची. माझी आई असंच करायची. दुष्काळात आमाला बोअर बी नव्हती, डबक्याचं पाणी हुतं."

आबारावांची पेन्सिल वहीवर थांबली. चार वर्षांच्या सगळ्या चतुर्थ्या आणि बुधवारचे सोमवार जणू गच्चीवर येऊन उभे राहिले. नागूबाई हातातल्या वाटीकडं बघत होत्या. गळ्यातलं लिंग त्यांनी एकदा मुठीत धरलं, सोडलं. बलभीमरावांना वाटलं, आता ही बाई वाटी खाली ठेवणार. आणि ती ठेवली, तर त्या आवाजानंतर सत्यभामा या आळीत पुन्हा मान वर करणार नाही, आणि आपणही नाही.

"मला आधी का सांगितलं न्हाईस?" नागूबाईंनी विचारलं.

"तुमी विचारलं कुठं? तुमी तर माझंच माझंच म्हणत हुता."

नागूबाईंनी पदरानं तोंड पुसलं, रागानं की कशानं ते शरणप्पांनाही कळलं नाही. मग त्यांनी रिकामी वाटी पुढं केली.

"मग भात कुठाय? नुसतं वरण कितींदा प्यायचं माणसानं!"

सत्यभामाबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या, परत वर आल्या, काय करावं ते त्यांना सुचेना. "चुलीवर ठिवते काकू... पर तिला तीन तास लागतील."

"मरू दे ती पेटी! खाली तुझा स्टोव्ह हाय का न्हाय?"

खाली धांदल उडाली. स्टोव्ह पेटला, भात चढला, आणखी वरण लागणार म्हणून सत्यभामाबाईंनी भिजवलेली जास्तीची डाळ काढली. जास्तीची डाळ का भिजवली होती, हेही त्या बोलल्या नाहीत. नागूबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या, तिथं क्षणभर अडखळल्या, आणि मग "सर, भाकरी म्या टाकते, तुझं एकटीचं काय व्हतंय," म्हणत आत गेल्या. ताटं सहाच निघाली. नागूबाईंनी आतूनच हाक मारली, "आवं, आपली ताटं घिऊन या!" शरणप्पा दुडक्या चालीनं गेले आणि त्यांच्या आईचं नाव घातलेली पितळेची ताटं छातीशी धरून घेऊन आले. मुक्ताबाईंचं मात्र डोकं दुखायला लागलं. त्या घरी गेल्या. ऊन लागलं असेल, असं सगळ्यांनी म्हटलं. तात्याराव जावं की थांबावं या विचारात दारात घुटमळले, आणि मग पंगतीत सगळ्यात कडेला बसले, पण जेवले सगळ्यात जास्त. जेवताना त्यांनी कशाचीच गॅरंटी विचारली नाही.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पंगत बसली. सत्यभामाबाई वाढत होत्या. वरण वाढताना त्यांचं लक्ष जेवणाऱ्यांच्या तोंडांकडंच इतकं होतं की आबारावांच्या भातावर पडायचं ते निम्मं पाटावर पडलं. आबारावांनी पाटावरचं बोटानं पुसून खाल्लं. जेवण झाल्यावर त्यांनी इतिवृत्त वाचून दाखवलं: "यंत्र चार डब्यांपैकी तीन डब्यांत अनुत्तीर्ण. जेवण उत्तम. पुढील सभा याच घरी घ्यावी असा ठराव नागूबाईंनी मांडला. यंत्र नसले तरी चालेल."

संध्याकाळी सगळे गेल्यावर बलभीमराव पेटी खाली घेऊन आले. तीन डब्यांतली डाळ अजून कडकडत होती. पण त्यांची छाती फुगलेली. पेटी पुसता पुसता म्हणाले, "बघितलंस? तू म्हणत होतीस खातील का. पंचनामा केला, पंचांचे पाय भाजले, पंधरा दिवस रजा घातली, पण शेवटी माझ्या यंत्रानं करून दाखवलं का नाही?"

सत्यभामाबाई पलीकडची पितळेची ताटं चिंचेनं घासत होत्या. एक ताट त्यांनी उजेडात धरून निरखलं, पुन्हा घासायला घेतलं, आणि मान वर न करता हसल्या.

"करून दावलं की! बाकीचे तीन डबे बी त्यातच हुते न्हवं?"